करडईचं तेल आणि आर्याची डबी

सोलापूर,
१८ फेब्रुवारी

प्रिय सुमे,

तुझा फोन येऊन गेला त्याला तीन आठवडे झाले. ‘पोरगी आरशासमोर उभी राहत नाही गं, तुझा तो लेप पाठव,’ म्हणालीस आणि मी लगेच ‘पाठवते’ म्हटलं. डबी आज या पत्राबरोबर येते आहे. उशीर झाला, पण हा लेप कसा तयार झाला ते सगळं लिहिते, कारण तिच्यात काय आहे आणि काय नाही हे तुला नीट कळायला हवं.

वसतिगृहात तू मुरुमांवर टूथपेस्ट लावून झोपायचीस आणि सकाळी गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे. आपल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. आर्याच्या बाबतीत तसं होऊ नये, एवढंच दोन वर्षं माझ्या डोक्यात आहे.

सुरुवात करडईपासून झाली. मुरुमं असलेल्या कातडीच्या तेलात लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक स्निग्ध आम्ल) कमी असतं, हे १९८०च्या दशकातच दिसून आलं होतं. करडईच्या तेलात ते ७० टक्क्यांच्या वर असतं, आणि करडई तर आपल्या रानातली. तुझ्या आईच्या हातची करडईची भाजी अजून आठवते. पहाटे दंवात काटे मऊ असतात तोवर काढणी उरकायची, म्हणून तुझे बाबा अंधारातच निघायचे. मी घाणीवर जाऊन तेल काढून आणलं तेव्हा आधी हेच विचारलं की बी कुठल्या वाणाचं. कारण आता असेही वाण आहेत ज्यांत ओलेइक आम्लच भरपूर आणि लिनोलेइक थोडं. दोन्ही डब्यांवर ‘करडई तेल’ एवढंच लिहिलेलं असतं. खोबरेल तर सगळ्यात वेगळं, त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल आणि लिनोलेइक नावापुरतं. म्हणून आर्याच्या आजीला सांग, केसांना खोबरेल लावलं तरी कपाळावर ओघळू देऊ नका.

कुठल्या तेलानं कातडीची छिद्रं किती बुजतात याचे शून्य ते पाच गुण दिलेले तक्ते इंटरनेटवर फिरतात ना, खोबरेल चार, करडई शून्य, ते बरेचसे सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांवरून आले आहेत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर चिडतो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४पासून बंदी आहे, आणि ते मला मनापासून पटतं.

पहिला लेप मुलतानी मातीचा केला. पीएच निघाला ८च्या वर. कातडीचा असतो साधारण ५. सायट्रिक आम्ल घातलं तर फसफसून बुडबुडे आले, म्हणजे मातीत चुनखडीचा अंश होता. त्या दिवशी पीएच साडेपाचवर आणला, आठ दिवसांनी बघते तर पुन्हा साडेसात. चुनखडी हळूहळू आम्ल खात राहिली होती. शिवाय मातीत जंतूंचे बीजाणू असतात आणि त्यात पाणी मिसळलं की त्यांची चंगळ. मुलतानी माती सोडली, केओलिन ही पांढरी माती घेतली, तीही १६० अंशांवर दोन तास तापवून. दुसरा घाणा ४० अंशांच्या कपाटात ठेवला तर बाराव्या दिवशी वर तेलाचा तवंग. मेण वाढवलं, पुन्हा ठेवला. असं पाच वेळा. तेल खवट होतंय का हे दर पंधरा दिवसांनी पेरॉक्साइडची चाचणी करून बघत होते, कारण ज्या लिनोलेइकसाठी हे तेल निवडलं तेच हवेत सगळ्यात आधी बिघडतं. अर्धा टक्का ई जीवनसत्त्व घातल्यावर ते मंदावलं.

आता जे सांगते त्यानं मी फार खचले होते. लेपात कडुनिंबाचं तेलही घातलं होतं. मुरुमांच्या जंतूचं वाण चंडीगडच्या एमटीसीसी या जंतूंच्या संग्रहातून मागवलं. हवा लागली की हा जंतू वाढत नाही, म्हणून प्लेटा ऑक्सिजन नसलेल्या बरणीत तीन दिवस ठेवाव्या लागतात. बरणी उघडली तर लेपाभोवती १७ मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तिथे जंतू वाढलेच नव्हते. मला रडू आलं गं. आठवडाभर मी हवेत होते. मग माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘मॅडम, नुसत्या बेसची प्लेट लावली होती का?’ नव्हती लावली. लावली, तर कडुनिंब नसलेल्या लेपाभोवतीही १६ मिलिमीटर. वर्तुळ पाडत होतं ते प्रिझर्व्हेटिव्ह. तेल प्लेटेतल्या आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, नीट पसरतच नाही, त्यामुळे कडुनिंबाबद्दल त्या प्लेटेनं काहीच सांगितलं नव्हतं, हो पण नाही आणि नाही पण नाही. त्या मुलीला मी वर्गासमोर शाबासकी दिली.

तरी आशा सुटेना. टी ट्री या झाडाच्या पानांच्या तेलाची १९९० सालची ऑस्ट्रेलियातली एक चाचणी मला पाठ आहे. १२४ जण, एका गटाला पाच टक्क्यांचं टी ट्रीचं जेल, दुसऱ्याला पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरुमांवरचं नेहमीचं औषध. दोन्हींनी मुरुमं कमी झाली, टी ट्रीचा गुण उशिरा आला पण त्रास कमी झाला. पण ते जेल कातडीवर राहत होतं, आपला लेप पंधरा मिनिटांत धुतला जातो. तरी थोडं घातलं. कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन २४ मुलींच्या हातावर २४ तासांच्या पट्ट्या लावल्या. तिघींना लाल चट्टे उठले, तिघींच्याही टी ट्रीच्याच पट्टीखाली. बाटली वर्षभरापूर्वी फोडलेली होती. हे तेल हवा लागून जुनं झालं की ॲलर्जी करतं, हे मला माहीत होतं आणि तरी मी ती बाटली वापरली. तिघींची माफी मागितली. चट्टे चार दिवसांत गेले. टी ट्री काढलं, कडुनिंबही काढलं.

मग उरलं काय? केओलिन, आठ टक्के करडई तेल, ग्लिसरीन, मेण, पाणी, ई जीवनसत्त्व आणि थोडं प्रिझर्व्हेटिव्ह. हा लेप २० मुलींनी आठ आठवडे लावला. एका गालावर हा, दुसऱ्यावर तेलाशिवायचा, कुठला कुठे हे मोजणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंना माहीत नव्हतं. मुरुमांची संख्या दोन्ही गालांवर सारखीच. पण करडईच्या बाजूला मुरुमं वाढली नाहीत, आणि ती बाजू ताणली कमी, कोंडा कमी. सहा जणी डॉक्टरांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड लावत होत्या, त्यांना तर हा फरक फार जाणवला. कोरडेपणाला कंटाळून पोरी औषध सोडून देतात, सुमे. ते सुटू नये एवढी मदत या लेपानं झाली तर मला ती पुष्कळ आहे. वीसच मुली होत्या, म्हणून याहून जास्त मी म्हणणार नाही. डबीवर ‘मुरुमं बरी होतात’ असं लिहिलेलं नाही. तसं लिहिलं तर कायद्यानं ते औषध ठरतं, आणि ते औषध नाही.

म्हणून आधी आर्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे ने. हनुवटीवर दुखऱ्या गाठी आहेत म्हणालीस ना, त्या लेपानं जाणार नाहीत आणि उशीर केला तर खड्डे राहतील. तुझ्या गालावरचे दोन अजून मला दिसतात. डॉक्टर हो म्हणाले तर मग डबी उघड. पहिले सात दिवस कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढं, रोज दोनदा. काही झालं नाही तर चेहऱ्यावर आठवड्यातून दोनदा, पूर्ण वाळून तडकू न देता धुवायचा. बोटं न बुडवता चमच्यानं काढायचा. झाकणावर तारीख घातली आहे, तीन महिन्यांनी उरेल तो टाकून द्यायचा, वास चांगला असला तरी.

खाज सुटली किंवा पुरळ दिसलं तर तिला लगेच चेहरा धुवायला सांग आणि मला फोटो पाठव. रात्रीचे दोन वाजले असले तरी पाठव.

तुझी,
माली