शनिवारी मी कुठे असते

प्रिय आई-बाबा,

शनिवारी संध्याकाळी माझा फोन बंद का असतो, असं आई तू परवा वहिनीला विचारलंस म्हणे. ऑफिस नसतं. एरंडवण्यात एका शाळेच्या वरच्या मजल्यावर आमचा आधारगट जमतो, घरातलं माणूस गेलेल्यांचा. जूनपासून जातेय. सांगितलं नाही, कारण बाबा, "तुला कशाला हवंय हे? घरात माणसं नाहीत का?" हे तुमचं वाक्य मला आधीच ऐकू येत होतं.

ओंकारेश्वरावर दादाच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता, आठवतं? उन्हात ताटकळत होतो. तेवढ्या वेळात जो येई तो माझ्या पाठीवरून हात फिरवून एकच सांगे, "आता आई-बाबांना तूच बघायचंस." खरंच होतं ते. पण माझाही भाऊ गेलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मार्चमध्ये डेक्कनच्या सिग्नलला पुढे दादासारखं लाल हेल्मेट दिसलं आणि मी हॉर्न वाजवत पार नळस्टॉपपर्यंत त्या माणसाच्या मागे गेले. त्याने गाडी बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं, ताई?" काय सांगणार?

त्या रात्री 14416 ला फोन लावला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, 2022 मध्ये सुरू झालेली. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. समुपदेशकाला भेटा म्हणाल्या, आणि त्या समुपदेशकांकडून गटाचं कळलं. त्याआधी मैत्रिणीच्या आग्रहाने एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे पाऊण तास आत्मा अमर असल्याचं ऐकवलं. असेल अमर, पण मला त्याच्या शिंकेचा आवाज हवा होता. चप्पल घालून निघाले.

इथे तसं नाही. आठ-दहा खुर्च्या गोल मांडलेल्या. सल्ला द्यायचा नाही, इथलं बाहेर बोलायचं नाही, गप्प बसायचं तर बसा. मी पहिले दोन शनिवार फक्त चहा प्यायले. तिसऱ्या वेळी एक आजोबा म्हणाले, बायको जाऊन वर्ष झालं तरी दोन पिशव्या दूध येतं. एक बंद करा, एवढं दूधवाल्याला सांगवत नाही. उरलेल्याचं रोज दही लावतात आणि सोसायटीत वाटतात. कुणी हसलं नाही, कुणी "सांगून टाका हो" म्हणालं नाही. मग मी लाल हेल्मेटचं सांगितलं.

दुःखाच्या पाच पायऱ्या म्हणतात ना, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, त्याही तिथेच उलगडल्या. मला राग कसा येत नाही, म्हणून मी घाबरले होते. समुपदेशक म्हणाल्या, कुबलर-रॉस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 च्या पुस्तकात या पायऱ्या लिहिल्या, त्याही स्वतःच्या मरणाला सामोरं जाणाऱ्या रुग्णांना भेटून. मागे राहिलेल्यांनी त्या ओळीने चढायच्या असं काही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला मुलं गमावलेल्या आईबापांचा गट सुरू झाला. तिथल्या इस्पितळातल्या तरुण पाद्र्याला दिसलं, की मुलगा गेलेली दोन घरं एकमेकांना जो धीर देतात, तो आपल्याला देता येत नाही.

हे ऐकताना बाबा, मला तुम्हीच दिसलात. आपल्या आळीतल्या मास्तरांचा मुलगा गेला, तेव्हा रोज संध्याकाळी तुम्ही त्यांच्याबरोबर गणपती घाटावर बसायचात. मी बोलवायला यायचे, तर दोघं कृष्णेकडे बघत गप्प. मास्तर आता वाईतच आहेत ना? तुम्ही त्यांच्याकडे गेलात का, एवढंच विचारतेय.

आपण तिघं फोनवर पावसाचं बोलतो, बीपीच्या गोळ्यांचं बोलतो. दादाचं नाव कुणीच घेत नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून मी टाळते, आणि आई, तू माझ्यासाठी टाळतेस. वहिनीने सांगितलं मला.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतेय. दादाचं कपाट उघडायचं का, ते आल्यावर बघू. नाही उघडलं तरी चालेल. आई, भरलं वांगं कर, त्याला लागायचं तसं तिखट. मी पाणी पीत पीत खाईन.

तुमची,
धाकटी