काटकसर करा, पण शिकण्याच्या वेळेत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवशिक्यांसाठी स्वस्त स्कूबा (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहणे) सहलीवरचा लेख वाचला. लेखातला उत्साह मला मनापासून आवडला. पण ‘सर्वांत स्वस्त पॅकेज घ्या आणि तीन दिवसांत कोर्स उरकून परत या’ हा सल्ला वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

मी पेशाने हिशेबनीस. वयाच्या ४६व्या वर्षी पोहायला शिकले आणि ४८व्या वर्षी मुलीबरोबर स्कूबा शिकायला गेले. पहिली सहल स्वस्त म्हणून निवडली, ती वाया गेली. पुढच्या वर्षीची दुसरी तिच्याहून कमी पैशांत झाली आणि आम्ही दोघी कोर्स पूर्ण करून परतलो. दोन्हींचा खर्च माझ्या वहीत ओळीने लिहिलेला आहे.

पहिल्या वेळी रात्रीच्या विमानाने एका बेटावर पोहोचलो आणि सकाळी थेट बोटीवर. दोन दिवसांपासून मला सर्दी होती. नाक चोंदले होते, पण दिवस तीनच, मग थांबणार कुठे? एका प्रशिक्षकामागे आम्ही आठ जण होतो. जेमतेम तीन मीटरवर कानाला दडे बसले, आणखी थोडे खाली गेल्यावर सुई टोचल्यासारखी कळ आली. मला वर यावे लागले. मुलगी तर पाण्यात उतरलीच नाही. आरोग्याच्या प्रश्नावलीत लहानपणीच्या दम्यासमोर तिने प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिले होते. तिथे असे उत्तर असेल तर डॉक्टरांची लेखी संमती लागत होती, आणि त्या बेटावर ती मिळेपर्यंत आमचे दिवस संपले. नियम योग्यच होता. तो फॉर्म घरीच भरून डॉक्टरांना दाखवायला हवा होता, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

कानाचे दुखणे नशिबाचे नव्हते, ते पाण्याच्या दाबाचे होते. पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो आणि दर दहा मीटरला आणखी एकाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, कानातल्या हवेचे आकारमान निम्मे होते. पुढच्या दहा मीटरमध्ये फरक त्यामानाने कमी पडतो. सगळ्यात मोठा बदल नवशिके जिथे शिकतात त्या उथळ पाण्यातच असतो! म्हणून कळ यायच्या आधीच, दर मीटरभराला, नाक चिमटीत धरून नाकातूनच हलकेच हवा ढकलत कान मोकळे करावे लागतात. सर्दीत ते होत नाही. औषध घेऊन नाक मोकळे केले आणि त्याचा अंमल खालीच उतरला, तर वर येताना हवा अडकते. वर येताना दुसरा धोका फुप्फुसांना. दहा मीटरवर श्वास रोखून कोणी वर आले तर छातीतली हवा दुप्पट होऊ पाहते. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम त्यासाठीच. या गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि आठ जणांच्या गटात तो वेळ कोणाच्याच वाट्याला येत नाही.

मग पैसे वाचवायचे कुठे? आमची सर्वांत मोठी बचत झाली ती ‘रेफरल’ पद्धतीने. पुस्तकी अभ्यास आणि पोहण्याच्या तलावातला सराव घराजवळ करायचा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह (पाण्याखालच्या फेऱ्या) तेवढ्या सहलीत करायच्या. पाडी या स्कूबा-प्रशिक्षण संस्थेच्या कोर्समध्ये अशी कागदपत्रे १२ महिने चालतात. अभ्यास करण्यासाठी बेटावरच्या खोलीचे भाडे भरायचे कशाला? शिवाय मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून काढायला मला तलावात तब्बल चार दिवस लागले. समुद्रात ते चार दिवस मला परवडले नसते. कोर्ससाठी २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे लागते, तेही आधीच पक्के करून घ्यावे. स्कूबा आपल्याला झेपेल का अशी शंका असेल, तर आधी प्रशिक्षकाबरोबरची एक चाचणी-डाइव्ह करावी. ती जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत असते. मात्र ती म्हणजे परवाना नव्हे. ‘ओपन वॉटर’ हा नवशिक्यांचा परवान्याचा कोर्स केलेल्याला १८ मीटरपर्यंत जाता येते.

दुसरी बचत बोटीची. जिथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येते, तिथे बोटीचा खर्च लागत नाही. आम्ही बालीतल्या तुलांबेनला गेलो. ‘लिबर्टी’ या अमेरिकी मालवाहू जहाजावर १९४२ साली जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला, तेव्हा ते या किनाऱ्यावर आणून टेकवले होते. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेले. आज ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याचा वरचा भाग उथळ पाण्यात असल्यामुळे नवशिक्यांनाही दिसतो. गंजलेल्या लोखंडावर प्रवाळ वाढलेले पाहताना मी श्वास रोखला नाही, एवढे मात्र लक्षात ठेवले होते. थायलंडचे को ताओ आणि होंडुरासचे उतिला ही बेटेही नवशिक्यांसाठी स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहेत, कारण छोट्याशा जागेत पुष्कळ डाइव्ह स्कूल आहेत. तिथेही दराच्या आधी ‘एका प्रशिक्षकामागे किती जण?’ हे विचारावे. चारपेक्षा जास्त म्हणाले तर मी दुसरीकडे जाईन.

हंगामाच्या कडेच्या आठवड्यांत खोल्या स्वस्त मिळतात, पण पाणी गढूळ असेल तर ती स्वस्ताई काय कामाची! थायलंडची सिमिलन बेटे तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. तिकीट काढण्याआधी त्या महिन्यातली दृश्यता विचारून घ्यावी.

साहित्य भाड्याने मिळते. विकत घ्यायचा तो फक्त मास्क, कारण प्रत्येकाचा चेहरा वेगळा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवून नाकाने हवा आत ओढावी; हात सोडल्यावरही टिकला तर आपल्या मापाचा. कॅमेरा पहिल्या सहलीत नकोच. पाण्यात तरंगणे अजून हाताशी आलेले नसते, त्यात फोटोच्या नादात पाय प्रवाळावर पडतो आणि वर्षानुवर्षे वाढलेला तुकडा क्षणात मोडतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, अजून हळहळते.

विम्यात मात्र हात आखडता घेऊ नये. साध्या प्रवास विम्यात स्कूबा अनेकदा वगळलेले असते किंवा खोलीची मर्यादा असते. डाइव्हमध्ये दाबाचा त्रास झाला तर दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत, होणारे उपचार फार महागडे असतात. आणि विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणून परतीचे विमान शेवटच्या डाइव्हनंतर लगेच नको. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक दिवस किंवा अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था सांगते. आम्ही शेवटचा अख्खा दिवस जमिनीवर ठेवला होता. तीन दिवसांच्या पॅकेजात हा दिवस बसवायचा कुठे, हे लेखकांनी सांगावे.

एक विनंती. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा आरोग्याच्या त्या प्रश्नावलीबद्दल एक चौकट अवश्य द्या, आणि ती घरूनच भरून निघावे असे ठळक लिहा. पहिल्या सहलीत तीन दिवस माझी मुलगी किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसली होती. दुसऱ्या वेळी घरच्या डॉक्टरांनी तिला तपासले, फुप्फुसांची चाचणी केली आणि सही दिली. त्या सगळ्याला एक सकाळ लागली.

आपली,
एक नियमित वाचक