अभ्र्यातल्या गोळ्या

कोथरूड, पुणे

चिऊ,

आज अभ्रा धुवायला काढला, तर आतून गोळ्या पडल्या. चार अख्ख्या, तीन अर्ध्या. मी रागावलेले नाही. पण मोरीत जाऊन रडले.

"मी तर बरी झालेय, मग रोज रात्री गोळी कशाला?" असं तू विचारलंस तेव्हा "डॉक्टरांनी सांगितलंय ना" म्हणून मी वेळ मारून नेली. चुकलंच माझं. बारा वर्षांची आहेस, तुला नीट सांगायला हवं होतं.

या गोळीचं नाव मर्कॅप्टोप्युरिन. एका पेशीच्या दोन होताना नवा डीएनए जुळवावा लागतो. त्याला लागणाऱ्या सुट्या भागांपैकी एकाचं ही गोळी सोंग घेते. पेशी फसते आणि तिची वाढ खुंटते. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ही तयार केली. एलियनबाई १५ वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कॅन्सरने गेले. पुढे शिकल्या, तरी बाई म्हणून प्रयोगशाळेत कुणी घेईना. काही दिवस त्यांनी लोणच्याचा आंबटपणा तपासायची नोकरी केली! १९५३ मध्ये औषधाला मान्यता मिळाली, १९८८ मध्ये दोघांना नोबेल.

पण त्या सुरुवातीच्या मुलांचं ऐक. रक्ताच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली मुलं या गोळीने उठून खेळायला लागली. काही महिन्यांनी आजार परत आला. तपासणीत न दिसणाऱ्या पेशी आत दडून राहिल्या होत्या. म्हणून पुढे बरीच औषधं मिळून द्यायला लागले, आणि बरं वाटल्यावरही गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवायला लागले. तू आत्ता तिथे आहेस.

"तू हातमोजे घालून मोडतेस ती गोळी मी गिळते," असं म्हणालीस ना? खरंय गं. रोज मोडताना मलाही ते टोचतं. ही गोळी चांगल्या पेशींनाही फसवते, म्हणून तर सारखं रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी फार उतरल्या की डोस कमी करतात, कधी थांबवतातही. ते त्यांनी ठरवायचं.

मळमळतं का? की कंटाळा आलाय? काहीही असलं तरी मला सांग, मी ओरडणार नाही.

राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत हं. आज रात्री नेहमीचीच घे. शुक्रवारी डॉक्टरांना साडेपाच गोळ्या राहिल्याचं मी सांगेन, तू नुसती शेजारी बस. कोणत्या रात्री घेतल्या नाहीस, ते आठवेल तसं याच कागदामागे लिहून ठेव.

तुझी आई