व्हॉलीबॉलला चार ओळी?

संपादक साहेब, ७ सप्टेंबर २०२५ ला बँकॉकला महिला व्हॉलीबॉल वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल झाली, इटलीने तुर्कस्तानला ३-२ ने हरवलं, पहिलं विजेतेपद २००२ चं, त्यानंतर इटलीचं हे दुसरंच, आणि आमच्याकडे येणाऱ्या पेपरात त्याला आतल्या पानावर चार ओळी, तेही टायरच्या जाहिरातीखाली.

त्या दिवशी ग्रहणाचे वेध लागलेले, सासूबाईंनी स्वयंपाक दुपारीच उरकला म्हणून मी आणि भाची मोबाईल घेऊन निवांत बसलो. ती विचारते, मामी हिचाच शर्ट वेगळ्या रंगाचा का? म्हटलं अगं ती लिबेरो, फक्त मागे खेळते, जमिनीला टेकता टेकता बॉल उचलते, स्मॅश मारायची तिला परवानगीच नाही. पाचवा सेट १५ पॉइंटचा असतो, त्यात तर आम्ही दोघी सोफ्यावरून खालीच आलो!

आता भाचीला शिकायचंय. कॉलनीतल्या मैदानात नेट आहे, पण मधोमध फाटलेलं, आणि संध्याकाळी पोरं त्यालाच स्टंप टेकवून क्रिकेट खेळतात. इंदूरात मुलींना व्हॉलीबॉल कुठे शिकवतात, एवढं तरी छापा ना.

– एक वाचक, इंदूर