बाबा, मी इथे डॉक्टर नाही

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही दारातल्या काकांना सांगत होतात, "लेक न्यू जर्सीत डॉक्टर आहे." नाही हो बाबा. माझं बीएएमएस इथे चालत नाही. मी मेडिकल असिस्टंट आहे. आई म्हणते तशी नर्सही नाही; नर्सचं शिक्षण वेगळं, लायसन्स वेगळं.

पेशंट आला की आधी माझ्याकडे. डॉक्टरांना एका पेशंटमागे जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात, म्हणून वजन, बीपी, गोळ्यांची यादी, बोटातून रक्त घेऊन साखर हे सगळं मी आधीच उरकते. बीपी म्हणजे नुसता पट्टा गुंडाळणं नव्हे. पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. बाबा, तुम्ही पायावर पाय टाकून, स्वेटरच्या बाहीवरूनच मोजता आणि वर गप्पाही मारता! आकडा उगाच चढतो.

रिपोर्ट समोर असतो, मला कळतोही, पण पेशंटला अर्थ सांगायचा नाही. निदान करणं डॉक्टरांचं काम. पहिले सहा महिने जीभ चावून काढले.

वयस्करांची वर्षातून एकदा स्मरणशक्ती तपासतो. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगायचे, मग घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावायची, मग ते शब्द विचारायचे. गेल्या आठवड्यात एका निवृत्त इंजिनिअर आजोबांनी बाराही आकडे उजव्या बाजूलाच कोंबले. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "बरोबर आहे ना?" मी गुण लिहिले आणि डॉक्टर येताहेत एवढंच म्हटलं.

एक मावशी मात्र गोळ्यांची पिशवीच घेऊन आल्या. भारतातून आणलेली पाकिटं, इथल्या बाटल्या. नावं वेगळी, पण दोन्हींत बीपीचं औषध तेच, अ‍ॅम्लोडिपिन; डोस जास्त झाला की त्याने पाय सुजू शकतात. दोन्ही रोज घेत होत्या, आणि पाय का सुजतात म्हणून आल्या होत्या! मी यादीत दोन्हींखाली रेघ ओढली आणि डॉक्टरांना आत जायच्या आधीच गाठलं.

आई, फ्रिजवरच्या डब्यात तुम्हा दोघांच्या गोळ्या एकत्र असतात. रविवारी तो डबा घेऊन कॉलवर बस. पाकिटाची मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धर, बारीक अक्षरातलं नाव मी वाचेन. मनाने काही बंद करू नका. यादी करून पाठवते, ती आपल्या डॉक्टरांना दाखवा. बाबांना चष्मा लावून शेजारी बसव.

तुमची,
चिमी