कच्च्या लायसन्सची परीक्षा घरबसल्या नको

महोदय,
माझ्या भाच्याने नुकतेच कच्चे लायसन्स काढले. परीक्षा ऑनलाइन, त्यामुळे आरटीओची पायरी चढावी लागली नाही. पण माउस होता नेट कॅफेवाल्याच्या हातात! भाच्याने फक्त कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवला. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के गुण लागतात, ते मिळाले. घरी आल्यावर मी त्याला लाल कडेचा उलटा त्रिकोण काढून दाखवला. ‘रस्ता द्या’ हा त्याचा अर्थ त्याला सांगता आला नाही.

कच्चे लायसन्स मिळाल्यानंतर 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 15व्या नियमात या चाचणीत काय पाहावे ते तपशीलवार दिले आहे: आरशात बघणे, गाडी मागे घेणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा पुढे काढणे. भाच्याची चाचणी मात्र मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढून दोन मिनिटांत संपली. हाच मुलगा उद्या खंबाटकी घाटात भरलेल्या ट्रकमागे थांबला तर काय करील, या विचाराने माझी झोप उडते.

लोकांचे हेलपाटे वाचावेत हे मलाही मान्य आहे. अर्ज, शुल्क, कागदपत्रे खुशाल ऑनलाइन ठेवा. पण कच्च्या लायसन्सची परीक्षा आरटीओच्या कार्यालयात, समोर बसवूनच घ्यावी आणि पक्क्या लायसन्ससाठी उमेदवाराला प्रत्यक्ष रहदारीत गाडी चालवायला लावावी, अशी परिवहन विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा