माथेरान सहल, येत्या रविवारी: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी सकाळी ठीक ६ वाजता ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी जमायचे आहे. कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे माथेरानमध्ये खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे बाजारापर्यंत साधारण पाऊण तास चालायचे आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे. त्यांच्यासाठी दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची तिकिटे मिळतात का ते पाहू.

पाहायचे पॉइंट: एको, लुईझा आणि शेवटी सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन. पॅनोरमा पॉइंट लांब पडतो, म्हणून यावेळी वगळला आहे. शार्लोट तलावाजवळ पिसारनाथाचे दर्शन घेऊ. हा तलाव गावाला पिण्याचे पाणी पुरवतो. त्यात कोणीही पाय धुऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

– पांढरे बूट नकोत, लाल माती निघत नाही.
– माकडे पिशव्या ओढतात. खाऊ बॅगेत बंद ठेवा.
– कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढू नयेत. मुलांचा हात सोडू नका.
– टॉर्च आणा, परतताना अंधार होईल.